डाय बनवायच्या आधी: सोसायटीच्या पाण्याच्या कंट्रोलरवर प्रयोग कसे करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. साकीनाक्याला गाळा आहे, इलेक्ट्रिक पॅनल बनवून द्यायचा धंदा आहे, आता बहीण-भावाला हाउसिंग सोसायट्यांसाठी स्वतःचं प्रॉडक्ट काढायचंय. टाकीतलं पाणी मोजून पंप आपोआप चालू-बंद करेल आणि सेक्रेटरीच्या मोबाईलवर कळवेल असा कंट्रोलर. भाऊ म्हणतो आठ महिने नीट डेव्हलप करू, डाय म्हणजे प्लास्टिक बॉक्सचा साचा बनवू, मग एकदम पाचशे पीस घेऊन मार्केटमध्ये उतरू, अर्धवट माल दाखवला की नाव खराब होतं. बहिणीने अजाईलबद्दल ऐकलंय, म्हणजे छोट्या-छोट्या फेऱ्यांत बनवायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं आणि सुधारायचं ही पद्धत, आणि ती विचारतेय की हे सॉफ्टवेअरवाल्यांचं प्रकरण हार्डवेअरला चालतं का, आणि चालत असेल तर सोमवारपासून नेमकं करायचं काय.

चालतं. आधी हा गैरसमज काढून टाकते कारण घरातला वाद बहुतेक इथेच अडकला असणार. अजाईलचा जाहीरनामा 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्डला 17 सॉफ्टवेअरवाल्यांनी मिळून लिहिला हे खरंय, पण स्क्रम नावाची जी पद्धत आज पवई-ऐरोलीच्या सगळ्या आयटी कंपन्यांत चालते तिचं मूळ जातं 1986 च्या एका लेखाकडे. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांचा, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आलेला. त्यात उदाहरणं कसली आहेत बघा: फूजी-झेरॉक्सचं कॉपीचं मशीन, होंडाची छोटी गाडी, कॅननचे कॅमेरे. सगळा पत्रा, प्लास्टिक, लेन्स आणि मोटरचा मामला. फूजी-झेरॉक्सला आधीच्या तशाच मॉडेलला 38 महिने लागले होते, एफएक्स-3500 त्यांनी 29 महिन्यांत काढलं, आणि ते डिझाइन पूर्ण झालं की मग प्रॉडक्शनकडे फाईल सरकवायची ही रीत मोडून, प्रॉडक्शनवाले आणि सप्लायर पहिल्यापासून टेबलावर बसवून. तुमच्या धंद्यात तर डिझाइन, वायरिंग आणि टेस्टिंग एकाच गाळ्यात होतं, म्हणजे मोठ्या कंपन्या ज्यासाठी झगडतात ते तुमच्याकडे आयतं आहे.

आता मुद्द्याचं. मी इतकी वर्षं मुंबईतल्या छोट्या-मोठ्या कंपन्यांसाठी उपकरणं डेव्हलप करतेय आणि माझं ठाम मत आहे की स्प्रिंट म्हणजे ठरावीक दिवसांच्या कामाच्या फेऱ्या, कामांचा बोर्ड, रोजची उभ्याने मीटिंग हे सगळं दुय्यम आहे. खरी गोष्ट आहे शंकांचा क्रम. तुमच्या डोक्यातल्या प्रॉडक्टमध्ये काही गोष्टी तुम्हाला पक्क्या माहीत आहेत आणि बऱ्याचशा तुम्ही नुसत्या धरून चाललाय. त्या धरून चाललेल्यांपैकी जी खोटी निघाली तर सगळंच बोंबलेल ती सर्वात आधी आणि सर्वात स्वस्तात तपासायची, आणि जो खर्च एकदा केला की परत फिरवता येत नाही तो होईल तितका मागे ढकलायचा. तुमच्या केसमध्ये परत न फिरणारा खर्च म्हणजे डाय. भावाच्या प्लॅनमध्ये डाय शंका मिटायच्या आधी येते, एवढीच माझी त्या प्लॅनवर हरकत आहे.

तुम्ही काय काय धरून चाललाय ते एका कागदावर काढा. टाकी ओव्हरफ्लो होते याचा सोसायटीला खरंच त्रास आहे. सेक्रेटरी त्यासाठी पैसे काढेल. वॉचमन ते यंत्र चालू ठेवेल. सेन्सर टाकीत वर्षभर नीट वाचेल. गच्चीवरचा सिग्नल खाली पंपरूमपर्यंत पोचेल. प्लंबरला किंवा तुमच्या माणसाला ते अर्ध्या दिवसात बसवता येईल. बिघडलं तर कोण जाणार. आणि पंप चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर, जास्त करंट आला की तोडणारा ओव्हरलोड रिले, पॅनल हे सगळं नीट चालेल. आता बघा, या यादीतली शेवटची गोष्ट तुम्हाला झोपेत येते, आणि मी पैजेवर सांगते की डेव्हलपमेंट तुम्ही तिथूनच सुरू करणार होतात. सगळेच करतात, जे येतं तिथे हात आपोआप जातो, काम होताना दिसतं, महिना संपतो, पण शंका होती तिथेच राहते.

म्हणून पहिला प्रयोग यंत्राशिवाय. हे ऐकून भाऊ नाक मुरडेल पण ऐका. पामचा छोटा डिजिटल ऑर्गनायझर 1996 ला बाजारात आला, त्याच्या आधी जेफ हॉकिन्स त्या मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरायचा आणि मीटिंगमध्ये तो काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचा, कुठे काढावासा वाटतो, कशासाठी वाटतो हे बघायला. तुमचा ठोकळा म्हणजे एक रजिस्टर आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ओळखीच्या चार-पाच सोसायट्या धरा, वेगवेगळ्या वॉर्डातल्या, एखादी जुनी तीन मजली, एखादी टॉवरवाली. मुंबईत बहुतेक ठिकाणी बीएमसीचं पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं, ते खालच्या अंडरग्राउंड टाकीत पडतं आणि तिथून पंपाने वर चढवतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तर रजिस्टरमध्ये एवढंच लिहायचं: लाइनचं पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, पंप कधी चालू केला, कधी बंद केला, वरची टाकी किती भरली, आणि त्या दिवशी पाण्यावरून सेक्रेटरीला कोणाकोणाचे फोन आले. तुमचा एक पोरगा सकाळ-संध्याकाळ जाऊन झाकण उघडून बघेल आणि सेक्रेटरीला मेसेज टाकेल, वरची टाकी पाऊण, खालची अर्धी. म्हणजे यंत्राचं काम दोन-तीन आठवडे माणूस करणार. आणि त्यानंतर एक दिवस काही न सांगता मेसेज बंद करा. कोण विचारतंय बघा. ज्याने फोन करून विचारलं की आज मेसेज का नाही आला, तो तुमचा ग्राहक. बाकीचे "छान उपक्रम आहे" म्हणत होते ते नुसते सज्जन आहेत.

असं केल्यावर काय बाहेर येतं त्याचं एक उदाहरण देते. मुलुंडच्या एका सोसायटीत आम्ही असंच रजिस्टर ठेवलं होतं, कंट्रोलरच्याच कामासाठी, आणि सगळ्यांना वाटत होतं की प्रश्न ओव्हरफ्लोचा आहे. रजिस्टर वाचल्यावर दिसलं की ओव्हरफ्लोवरून फारसा कोणाचा फोनच येत नाही, गच्चीवर पाणी सांडलं तर ते वरच्या मजल्याशिवाय कोणाला कळतही नाही. फोन यायचे ते ज्या दिवशी लाइनला प्रेशर कमी असायचं त्या दिवशी. पहाटे पाणी येऊन गेलेलं असायचं, खालची टाकी निम्मीच भरलेली, वॉचमन नेहमीसारखा पंप मारून मोकळा, आणि आठ-साडेआठला ऑफिसच्या घाईत नळ कोरडे. मग टँकरवाल्याला फोन, आणि तोपर्यंत टँकरवाल्याकडे दहा जण रांगेत. म्हणजे त्या लोकांना हवं होतं ते हे की सकाळी सहालाच कळावं, आज पाणी पुरणार नाही, टँकर सांगा. मग सेन्सर मुख्यतः कुठे हवा? खालच्या टाकीत! आम्ही सगळं डिझाइन वरच्या टाकीभोवती मनात धरलं होतं आणि एका पैशाचं सर्किट न बनवता ते फिरलं. हे आठव्या महिन्यात पाचशे पीस गाळ्यात पडलेले असताना कळलं असतं तर काय झालं असतं ते भावाला विचारा.

वॉचमनकडेही नीट बघा. काही सोसायट्यांमध्ये पंप चालवायचे वॉचमनला वेगळे पैसे मिळतात. तुमचं यंत्र त्याचे ते पैसे घालवणार, मग तो स्विच मॅन्युअलवर का नाही ठेवणार, मीही ठेवला असता. पैसे देणारी कमिटी वेगळी, वापरणारा वॉचमन वेगळा, आणि फायदा मिळणारा चौथ्या मजल्यावरचा माणूस तिसराच. या तिघांपैकी एक जरी नाराज असेल तरी ते यंत्र सहा महिन्यांत बंद पडलेलं दिसेल, आणि दोष तुमच्या सर्किटला लागेल.

दुसरा प्रयोग पैशाचा. आवडलं का, घ्याल का असं विचारायचंच नाही. मुंबईचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, "बघू, कळवतो" म्हणतो. तुम्ही काहीतरी मागा. अ‍ॅडव्हान्सचा चेक मागा, परत करायच्या लेखी बोलीवर, तो बँकेत भरू नका हवं तर, पण कमिटीला ठराव करून चेकवर सह्या करायला लागल्या की खरं कळतं. आणि यातून अजून एक गोष्ट बाहेर येते जी लॅबमध्ये कधीच येणार नाही, विक्रीला वेळ किती लागतो. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा, कमिटीच्या अखत्यारीबाहेरचा खर्च असेल तर जनरल बॉडी, आणि वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे मोठ्या रकमेचे निर्णय त्या सुमाराला होतात. तुमचा कंट्रोलर नोव्हेंबरमध्ये तयार झाला तर बरेचसे गिऱ्हाईक पुढच्या वर्षीवर गेले असं समजा. किंमत कमिटीच्या हातातल्या मर्यादेत बसली तर मात्र चित्र एकदम बदलतं, त्यामुळे किंमत किती ठेवावी हाही प्रयोगाचाच विषय. तीन सोसायट्यांना यंत्र एकरकमी विकायला बघा, तीनला महिन्याच्या भाड्याने द्यायला बघा. मला वाटतं भाडं लवकर पास होईल कारण ते मेंटेनन्सच्या खर्चात बसतं, पण हे माझं मत झालं, तुम्ही तपासा.

आपल्या इथलं याच धर्तीचं उदाहरण म्हणजे विक्रोळीच्या गोदरेजचा छोटूकूल. वीज धड नसलेल्या घरांसाठी छोटा फ्रिज, कॉम्प्रेसर नाही, थर्मोइलेक्ट्रिक चिपवर थंड होणारा, बॅटरीवर चालेल असा, वजन आठ किलोच्या आत. तो बनवताना त्यांची माणसं उस्मानाबादकडच्या (आताचं धाराशिव) गावांत बायकांबरोबर बसली, झाकण वरून उघडावं की समोरून, रंग कुठला, आकार केवढा, हे सगळं त्यांच्याकडून घेतलं. हे काम मला मनापासून आवडतं. आणि तरीही पुढे असं झालं की ज्या गरीब ग्रामीण घरांसाठी तो बनवला तिथे अपेक्षेएवढा खपला नाही आणि घेणारे निघाले ते शहरातले छोटे दुकानदार, गाडीत-सहलीला नेणारे लोक. यातून मी घेते ते एवढंच की वापरणाऱ्याबरोबर बसून डिझाइन करणं आणि तो खिशातून पैसे काढतो का हे बघणं हे दोन वेगळे प्रयोग आहेत, एक केला म्हणून दुसरा झाला असं धरू नका.

आता सेन्सर, इथे मात्र खरं इंजिनिअरिंग आहे आणि इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. नेटवर बघून सगळे अल्ट्रासॉनिक घेतात, आवाजाच्या लहरी सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्तात मिळतो, टेबलावर बादली ठेवून मोजलं की सेंटिमीटरला बरोबर येतो. टाकीत टाकला की तमाशा सुरू. दुपारी गच्ची तापते, बंद टाकीत वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर थेंब जमतात आणि रीडिंग एका जागी चिकटून बसतं. शिवाय या स्वस्त वॉटरप्रूफ सेन्सरला तोंडापासून साधारण वीस सेंटिमीटरपर्यंत काही दिसत नाही, आणि टाकी भरत आली की पाणी नेमकं तिथेच असतं. पाणी लागलं की करंट वाहतो अशा स्टीलच्या काड्या टाकल्या आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, सोडत राहिलात तर त्या झिजतात, पोपडे धरतात, त्यामुळे करंटची दिशा (पोलॅरिटी) उलटसुलट करत राहावी लागते. पाण्यावर तरंगणारा साधा फ्लोट स्विच स्वस्त आणि भरवशाचा, पण कधीतरी अडकतो, आणि पाणी किती आहे ते सांगत नाही, फक्त आहे किंवा नाही.

यातला कुठला घ्यायचा हे वाद घालून ठरवू नका, आणि एक मुलुंडला, दुसरा चेंबूरला असंही लावू नका, तसं केलंत तर तुम्ही सेन्सरची नाही, टाक्यांची तुलना करताय. तिन्ही एकाच टाकीत, एकाच वेळी, शेजारी शेजारी. दर मिनिटाला तिन्हींचं रीडिंग मेमरी कार्डवर, आणि टाकीच्या भिंतीवर ऑइलपेंटने आखलेली पट्टी, जी तुमचा पोरगा दिवसातून दोनदा डोळ्यांनी वाचून वहीत लिहील. आर. ए. फिशरने 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतीकेंद्रात खतांच्या चाचण्या करताना हेच शिकवलं, जमिनीचा फरक मध्ये येऊ नये म्हणून शेजारच्या तुकड्यांवरच तुलना करायची. आलेखावर तिन्ही रेषा एकत्र बघितल्या की दुपारी दोनला कोण बिघडतो ते दहा मिनिटांत दिसतं.

सिग्नलचंही तसंच. आरसीसीच्या सात-आठ स्लॅबमधून वायफाय जाणार नाही हे गृहीतच धरा. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, लोरा नावाचे लांब पल्ल्याचे छोटे रेडिओ मॉड्यूल त्यावर चालतात, ते एका बिल्डिंगमध्ये एका दिवसात तपासून होईल. आणि डक्टमधून सरळ केबल टाकता येते का तेही त्याच फेरीत बघा, केबल दिसायला मागासलेली वाटते पण वॉचमनला तुटलेली दिसते, रेडिओ बंद पडलेला दिसत नाही.

वेगाबद्दल. हार्डवेअरमध्ये सगळं दोन आठवड्यांच्या चक्रात कोंबायला गेलात तर चिडचिड होईल कारण प्रत्येक गोष्टीचं घड्याळ वेगळं आहे. कोड संध्याकाळी बदलता येतो. झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं पाडलेल्या तयार कोऱ्या बोर्डवर, सर्किट दोन दिवसांत उभं राहतं. छापील पीसीबी मागवून त्यावर पार्ट लावून हातात यायला दोन-तीन आठवडे. डाय म्हणजे दीड-दोन महिने आणि काही लाख. म्हणून जे बदलायची शक्यता जास्त ते कोडमध्ये ठेवा, बोर्डवर दोन-चार पिना आणि एक जादा कनेक्टर मोकळा सोडा, आणि बॉक्स बाजारातला तयार आयपी-65 वाला (धूळ-पाणी आत न जाणारा) घ्या, भोकं पाडा, केबलभोवती घट्ट बसणारी ग्लँड लावा. दिसायला रांगडं दिसेल, चालेल. सेन्सरची टोपी तेवढी थ्रीडी प्रिंट करा. पंधरा-वीस पीस सुबक हवे असतील तर सिलिकॉनच्या साच्यात व्हॅक्यूम कास्टिंग करून देणारे आहेत. डायचा विचार तेव्हा करा जेव्हा सलग दोन-तीन फेऱ्यांमध्ये बॉक्समध्ये काहीही बदलावं लागलेलं नाही.

आणि एक घड्याळ असं आहे जे कोणाच्याच हातात नाही, पावसाळा. तो वर्षातून एकदाच येतो. गच्चीवरचा बॉक्स जून ते सप्टेंबर तगला तरच तो मुंबईत तगला. ग्लँडमधून आत शिरणारं पाणी, दमटपणाने हिरवी पडलेली टर्मिनल, विजा कडाडल्यावर उडालेले बोर्ड, आणि उबेला बॉक्समध्ये येऊन बसलेल्या पाली आणि मुंग्या. रिलेच्या पट्ट्यांमध्ये मुंगी चिरडली की संपर्क होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय, तासभर सगळे कोडमध्ये चूक शोधत होते. त्यामुळे रांगडे का असेनात, चार बॉक्स मे संपायच्या आत गच्चीवर चढलेच पाहिजेत. ते चुकलं तर ही माहिती पुढच्या वर्षी मिळेल, दुसरा कुठलाही प्रयोग तिची भरपाई करत नाही.

प्रत्येक प्रयोगाच्या आधी अर्धं पान लिहा आणि दोघांनी सही करा: आपल्याला काय वाटतंय, काय दिसलं तर पुढे जायचं, काय दिसलं तर सोडून द्यायचं. उदाहरणार्थ, मेसेज बंद केल्यावर पाचपैकी तीन सोसायट्यांनी स्वतःहून विचारलं तर मोबाईलवर कळवायचं फीचर ठेवायचं, एकानेही नाही विचारलं तर काढून टाकायचं. हे आधी का लिहायचं, तर नंतर माणूस निकालाला आपल्या बाजूला ओढतो, "ते लोक गावाला गेले असतील" म्हणतो. पाच सोसायट्यांवरून टक्केवारी मात्र काढू नका, पाचातून कारणं कळतात, प्रमाण कळत नाही.

एका बाबतीत अजिबात प्रयोग नाही. करंट. पंपाची सप्लाय, अर्थिंग, ओव्हरलोड, ड्राय रनचं (पाण्याशिवाय पंप चालण्याचं) संरक्षण हे पहिल्या दिवसापासून पक्कं, तुम्ही पॅनलमध्ये जसं करता तसंच. आणि प्रत्येक ट्रायलच्या बॉक्सला मॅन्युअल बायपासचा स्विच हवाच, वॉचमनला दाखवून, मराठी-हिंदीत लिहून. सेन्सर मेला तर यंत्राने काय करायचं हे आधी ठरवा. पंप बंद ठेवला तर बिल्डिंग कोरडी, चालू ठेवला तर खालची टाकी संपून सील जळणार. माझ्या मते अशा वेळी यंत्राने बाजूला व्हावं, हूटर वाजवावा आणि पंप वॉचमनच्या हातात द्यावा. लोकांच्या पाण्याशी खेळतोय याचं भान ठेवा, ट्रायल आहे हे कमिटीला लेखी सांगा.

इथेच भावाच्या नावाच्या काळजीचं उत्तर आहे, आणि त्याची काळजी रास्त आहे. मार्केटमध्ये अर्धवट माल ओतला तर नाव जातंच. पण चार सोसायट्यांना स्पष्ट सांगून, फुकट बसवून, रात्री अकराला फोन आला तरी धावत जाऊन जे कराल त्याने नाव खराब होत नाही, उलट पहिली शिफारस तिथूनच येते.

मीटिंगांचं विचारलंय तर एका गाळ्यात तीन-चार माणसं असताना रोज उभं राहून मीटिंग करायची गरज नाही, समोरासमोरच तर बसता. दोन आठवड्यांनी एकदा मात्र गच्चीवर जा, वॉचमनच्या हातात यंत्र द्या आणि तुम्ही गप्प उभे राहा. तो कुठलं बटण दाबतो, कुठे अडतो ते लिहून घ्या, मध्ये बोलून त्याला मदत करू नका, हे सगळ्यात अवघड आहे आणि भावाला तर फारच जाईल. गाळ्यातल्या बोर्डवर कामांच्या वर, मोठ्या अक्षरात, आत्ताची सगळ्यात मोठी शंका लिहिलेली असू द्या.

शेवटचं पेटंटचं, कारण तुम्ही ते विचारलेलं नाही आणि ट्रायलमुळे तो प्रश्न येतोच. फाइल करायच्या आधी गोष्ट सगळ्यांसमोर आली तर नंतर नावीन्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. आपल्याकडे प्रोव्हिजनल अर्ज करता येतो आणि पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात, मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे. टाकीचे कंट्रोलर बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे अख्ख्या यंत्रावर काही मिळेल असं मला वाटत नाही, पण थेंब न धरणारी टोपी किंवा "आज पाणी पुरणार नाही" हे सकाळी सहाला ओळखायची तुमची रीत यात काही खरंच नवीन निघालं तर बॉक्स गच्चीवर चढवायच्या आधी एखाद्या पेटंट एजंटला दाखवून घ्या. रजिस्टरच्या प्रयोगाला त्यासाठी थांबायची गरज नाही, ते सोमवारी सुरू करा.